पांढरं फडकं

मासेरूहून आलेली मुलगी
गुडघ्यावर फळी टेकवून विचारते,
"मावशी, दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं?
दारू की गांजा?"
तिच्या कागदावर दोन चौकोन आहेत,
नखाएवढे.

माझ्या दारात काठीला पांढरं फडकं.
म्हणजे आज ज्वारीची बिअर तयार आहे,
या डोंगरात शेंबड्या पोरालाही एवढं वाचता येतं.
मीच विकते. आधीच सांगून टाकलेलं बरं.
चार पोरांचे गणवेश
त्या काळ्या पिंपातूनच निघाले.

लिही. धाकटा भाऊ, खोआबाने.
तेराव्या वर्षी मेंढ्यांमागे वरच्या कुरणात गेला.
तिथे जुलैत बर्फ पडतं,
पोरं एकाच घोंगडीत बसून गांजा ओढतात,
तेवढीच ऊब.
परत आला तेव्हा रेडिओ त्याच्याशी बोलायचा.
फक्त त्याच्याशी, नाव घेऊन.
दोन वर्षं आम्ही सेल काढून ठेवायचो
तरी बोलायचा.

आता बरा आहे.
बरा म्हणजे, चहा पुढ्यात गार होतो
आणि तो कुंपणाकडे बघत राहतो.
सोडतो मधूनमधून. मग झोप उडते,
अन्नावरची वासना जाते, माझ्यावर खेकसतो,
आठ-पंधरा दिवस.
की पुन्हा धूर.
समोरच्या उतारावर परदेशी कंपनीचं प्लास्टिकचं घर आहे ना,
आत तेच झाड, दिव्याखाली, पहाऱ्यात.
तिथे कामाला गेला होता.
लघवी तपासून परत पाठवला.
आम्ही हसलो. तोही हसला, जरा उशिरा.

थोरला लेफा.
वेल्कोमच्या खाणीत सतरा वर्षं,
परतला तो खोकला आणि तहान घेऊन.
पोट फुगलं पखालीसारखं, डोळे मक्याच्या रंगाचे.
त्याला कुणी वेडा म्हटलं नाही.
लग्नात पहिला डबा त्याच्याच हातात द्यायचे.
बायकोचा दात पाडला तेव्हाही म्हणाले,
लेफा नव्हे, ती दारू.

ईस्टरला चर्चमध्ये शपथ घेतली.
मी त्या दिवशी फडकं उतरवलं,
कोंबडी कापली.
तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले,
भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता,
भिंतीवर मुंग्या नव्हत्या.
पहाटे झटके आले. दवाखाना घोड्यावरून चार तास.
नर्स म्हणाली, "इतकी जुनी दारू
अशी एकदम तोडायची नसते, बाई.
आधी इथे आणायचं होतं."
मला काय माहीत?
सोडा, सोडा, एवढंच सांगत आले सगळे.
सोडतानाही माणूस जातो
हे पाद्रीही बोलला नव्हता.

नर्सला मीही हेच विचारलं होतं, तुझंच.
म्हणाली, दारू जास्त माणसं पुरते,
गांजा कोवळ्या डोक्यात शिरला तर घर करतो,
ओढणारे सगळे अडकत नाहीत, पिणारेही नाहीत,
कोण अडकणार ते कपाळावर लिहिलेलं नसतं.
मग हात धुवून
पुढच्या बाईचं बाळ वजनाला घेतलं.

एकाला पुरलं. एक आहे, अर्धामुर्धा.
आता सांग, कुठल्या चौकोनात फुली मारू?
आणि लेफाचा पहिला डबा
ज्या पिंपातून भरला होता
तिच्यासाठी, म्हणजे पिंपवालीसाठी,
तुझ्या कागदावर जागा आहे का?

राहू दे. पाणी पी, लांबून आलीस.
ऊन उतरलं की गिऱ्हाईकं येतील,
त्यांतला एक उधारी मागेल,
महिना झाला, मागतोच आहे,
आणि त्याचे हात
आत्तापासूनच जरा थरथरतात.