पाहुणचार

चुंगजूच्या बाजारात, सुक्या मासळीच्या गल्लीच्या तोंडाशी
प्यो मान-सिक चपला शिवतो.
ओठांत तीन खिळे, म्हणून बोलणं बेताचं.
माझा बूट उलटा करून त्यानं झिजलेली टाच पाहिली.
"बाई, तुम्ही कायम मागे रेलून उभ्या असता.
कुणाची भीती वाटते?"

भीती नव्हती. राग होता.
नऊ वर्षांचा, बरणीत मुरलेला.
भावानं बांधावरची माझी सात सफरचंदाची झाडं तोडली
आणि वर म्हणाला, ओंडके मोजून घे.
मला लाथ मारायला शिकायचं होतं.
मान-सिक संध्याकाळी तेक्यॉन शिकवतो, असं कळलं होतं.

त्यानं शिकवलं चालायला.
नदीकाठच्या मातीत तीन दगड मांडले, चुलीचे असतात तसे,
आणि म्हणाला, यांच्यावरून जा.
पुढे. मागे. पुढे. गुडघा मऊ, कंबर सैल.
"इक्!" पोटातून.
"एक्!" पुन्हा पोटातून, घशातून नाही.
हात असे हलव, की ओलं कापड झटकतेयस
आणि बघायला कुणी नाही.
चार महिने एवढंच.
पाण्यातले बगळेसुद्धा कंटाळून उडून गेले.

मग लाथ.
तीही तळव्यानं. ढकलायची, फोडायची नाही.
"दार लोटतो तशी," तो म्हणाला,
"मोडायचं नसतं. आत कुणीतरी राहतं."

आणि एक विचित्र नियम:
आपला एक पाय कायम समोरच्याच्या टप्प्यात ठेवायचा.
अंग चोरून, लांब राहून खेळायचं नाही.
घे, हा माझा पाय. अडकव, ओढ, पाड.
याला म्हणतात देजोप. पाहुणचार.
मला हसू आलं. वैऱ्याला कसला पाहुणचार?
त्यानं ओठांतला एक खिळा काढला, माझ्या टाचेत ठोकला.
पैसे घेतले नाहीत. उत्तरही दिलं नाही.

दानोच्या सणाला, उंच झोक्याशेजारच्या चटईवर,
चिठ्ठीत माझ्या वाट्याला आली हे-रांग.
भावाची मुलगी.
शेवटची पाहिली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते,
आता माझ्याहून वीतभर उंच.
ती वाकली, आणि अनवाणी पाय पुढे ठेवला.

करंगळी आत वळलेली.
आमच्या घराण्याची करंगळी:
वडिलांची, भावाची, माझी.
चिखलात उमटली तर कुणाची ते
आईलाही सांगता यायचं नाही.

डाव मला येत होता.
घोट्यात पाय अडकवायचा आणि ओढायचा.
तिचा तोल अर्धा माझ्याकडे आलेलाच होता.
मी करंगळीकडे बघत राहिले
आणि तेवढ्यात तिनंच ओढला माझा.

गुडघा टेकला. हरले.
म्हाताऱ्या टाळ्या पिटत होत्या, कुणीतरी ढोल बडवत होतं,
आणि ही पोर मला उठवताना, धापा टाकत, कानाशी:
"आत्या, बाबा विचारत होते,
तुझा डावा गुडघा अजून दुखतो का?"

मोठ्या वाडग्यालाही आमच्याकडे देजोपच म्हणतात.
शब्द दोन, उच्चार एक.
त्यात अर्थ शोधत बसू नकोस, मान-सिक म्हणतो.
मी शोधत नाही.
फक्त आज दोन वाडगे जास्त काढलेत.
सूप निवलं, दुसऱ्यांदा तापवलं.
दार नुसतं लोटलेलं आहे
आणि मी उंबऱ्यात उभी,
टाचेवर भार न देता,
एक पाय बाहेर.