बाण धुराकडे

बंद पडलेल्या लाकूडगिरणीच्या फाटकाशी
ओनोफ्रेनं ही करवत माझ्या हातात दिली.
म्हणाला, "चालते."
मग पैसे मोजून झाल्यावर म्हणाला,
"म्हणजे, चालायची."

घरी येऊन दोरी ओढली तर
धान्य नसलेलं जातं फिरावं तशी
बिनबोभाट फिरली.
ना अडली, ना उसळली. छातीत दमच नाही.

मेचा शेवटचा आठवडा, कोयाइकेवर चुलींचा धूर.
अंगणात लेंगाचे ओंडके अख्खेच्या अख्खे,
आणि आई लोखंडी चुलीत शेवटच्या ढलप्या सारत
मला ऐकू जाईल अशा बेतानं
रेडिओशी बोलते:
"माशांच्या पिंजऱ्यावरची नोकरी गेली
की माणसं घरात भंगार आणतात."

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.
प्लगच्या भोकातून सुतळी आत सारली,
पिस्टन तिच्यावर येऊन टेकला, थांबला.
मग क्लच. उलट्या आट्यांचा,
सरळ वागणाऱ्याला शिव्या शिकवणारा.

सिलिंडर उचलला.
धुराच्या बाजूनं पिस्टन ओरबाडलेला,
मांजरानं दार खरवडावं तसा, उभा उभा.
दुसरी बाजू जवळजवळ कोरी.
हे वाचता येतं:
तेल कमी, घाई फार,
कुठल्याशा फटीतून चोरून शिरणारी हवा,
आणि आवाज चढत गेला तरी
बोट ढिलं न करणारा कुणीतरी.

क्लचच्या झाकणाखाली भुसा गच्च बसलेला.
नखानं उकरला, नाकाशी नेला. लेंगा नाही.
सायप्रस. तिकडचा, बेटांवरचा.
आईनंही हुंगला. काही बोलली नाही.
बाप त्या बेटांवर लाकूड तोडायचा,
पण त्याच्याकडे करवत नव्हती, कुऱ्हाड होती.
योगायोगाला बसायला पाट देऊ नये.

सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम
कापसाच्या काडीनं ॲसिड लावलं की फेसाळतं.
फेस थांबतो तिथं ते संपलेलं असतं.
खाली मूळचा मुलामा शाबूत होता.
एवढं सगळं होऊनही.

नवा पिस्टन एकोणीस दिवसांनी आला,
ट्रकनं, फेरीनं, पुन्हा ट्रकनं,
मुठीएवढ्या खोक्यात.
बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली
आईच्या कालाफातेच्या फळांशेजारी,
आणि क्रँककेस तिच्या ओव्हनमध्ये.
"पावाला तेलाचा वास लागला
तर तो पाव तूच खायचा."
पण घड्याळाकडे तीच बघत बसली,
फडकं तिनंच पुढं केलं,
आणि हातोडीविना बेअरिंग टप्पकन जागेवर बसलं
तेव्हा "बघ" म्हणाली,
जणू तिनंच ते मळलं होतं.

सर्क्लिप मात्र उडाली.
दोन दिवस आम्ही दोघं जमिनीकडे बघत चाललो.
सापडली ती लोकरीच्या गुंड्यात.

पिस्टनच्या डोक्यावर इवलासा बाण असतो.
तो धुराकडे ठेवायचा, बाहेर पडायच्या वाटेकडे.
चुकलं तर रिंग खिडकीत अडकते, मोडते.
मी दोनदा बघितलं.
मग दिवा आणून तिसऱ्यांदा.

कॉइल आणि चाकामधली फट?
व्हिजिटिंग कार्डाएवढी.
माझ्याकडे एकच होतं. कामावरून काढताना
"काही लागलं तर फोन करा" म्हणत
ऑफिसातल्या बाईनं दिलेलं.
लागलं.

मागच्या अंगणात पाचव्या हिसक्याला खांदा बोलला.
नवव्याला ती खोकली.
अकराव्याला निळा धूर, शेजारचा कुत्रा,
आईनं खिडकी लावून घेतली,
मग परत उघडली.

अर्ध्याच दमानं चालवली.
पिस्टन नवा आहे, सिलिंडर जुना,
आधी एकमेकांची ओळख होऊ दे.
बंद केली. गार होऊ दिली. पुन्हा.

"ओनोफ्रेला काय सांगणार?"
"काय सांगायचं?"
"चालते म्हणून."

मी करवत उचलून बाजूला ठेवली.
फरशीवर तेलाचा एक थेंब होता.
बघता बघता दुसरा.
साखळीचं असेल, मी म्हटलं,
बहुतेक.