नमुना आठ

अनेरच्या काठाला मार्च संपतो तेव्हा
केळीच्या पानांच्या कडा करपलेल्या असतात.
पंखा जोरात लावला की पावत्या उडतात,
म्हणून मी घामातच बेरजा करतो.

घरपट्टी, पाणीपट्टी, आठवडे बाजाराचा लिलाव.
गावानं स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न
दोन लाख सव्वीस हजार आठशे.
त्यातले पाच टक्के दिव्यांगांचे, असा नियम आहे.
अकरा हजार तीनशे चाळीस.
यादीत नावं नऊ.
माणशी बाराशे साठ, अख्ख्या वर्षाचे.
एवढ्यात कुबडीच्या तळाचं रबर येतं,
दवाखान्यासाठी चोपड्याला काही खेपा होतात, वर चहा.

सरपंच वाईट माणूस नाही.
मासिक सभेत म्हणाले, "पंपाचं बिल थकलंय.
यंदा ते पैसे तिकडे वळवू.
पाणी काय, त्या नऊ जणांनाही लागतंच."
कुणी हसलं नाही,
कारण ते खोटं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वीज तोडली होती.
तेरा दिवस टाकी कोरडी.
ज्यांच्या अंगणात बोअर, त्यांनी तेव्हाही गाड्या धुतल्या.
झेलाबाई बारेला एका पायानं डोहापर्यंत गेली,
कळशी कमरेला बांधून,
आणि अर्धी सांडून परत आली.
तेव्हापासून हिशेब जुळवणं मला
कोरडं काम वाटत नाही.
तूटसुद्धा शेवटी
कुणाच्या तरी कमरेलाच बांधली जाते.

तरी त्या नऊ नावांवर रेघ मारायला हात चालेना.

संध्याकाळी सुपडू कोळी आला, भिंत चाचपत.
जन्मापासून दिसत नाही त्याला.
"लिखी ले रे भो मनी घरपट्टी. आज शेवटला दिन शे ना?"
एकशे पंच्याऐंशी. नाणी त्यानं कडांवरून ओळखली,
एकेक टेबलावर ठेवली, आवाज ऐकत.
मी पावती फाडली
आणि सवयीनं समासात मांडलं:
पाच टक्के, नऊ रुपये पंचवीस पैसे.
नवात वाटले तर माणशी एक रुपया आणि वर थोडं.
त्यातला एक फिरून त्याच्याच खिशात जाणार.

मग त्याच पानावर वरची ओळ दिसली.
नथ्थूशेठ, सुपडूचे शेजारी, केळीच्या गाड्या भरणारे.
तीन मजले, ग्रॅनाइटचा ओटा, गच्चीवर सोलर.
नोंद: माती-धाब्याचं घर. पट्टी दोनशे दहा.
अक्षर माझंच.
दर चार वर्षांनी मी ती ओळ जशीच्या तशी उतरवली,
दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येतो म्हणून नव्हे
(येतो तो),
तर उन्हात टेप घेऊन कोण फिरणार, म्हणून.
अशा ओळी मोजल्या.
एकेचाळीस.

रात्री नऊ चेक लिहिले.
बिलाचे अर्धे भरायला काढले, अर्धे पुढच्या पानावर ओढले.
ग्रामसेवकानं सही केली. सरपंचांनीही केली,
पण पेन खाली ठेवायला बराच वेळ घेतला.

एक एप्रिलला कपाटातून टेप काढला.
शिपाई रजेवर. सुपडू पारावर बसलेला.
म्हटलं, येतोस? नुसतं टोक धरायचं.
तो आला, हात माझ्या खांद्यावर.
वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय चाललंय?
घसा सुकला होता, उत्तर दिलं नाही.
सुपडूनं शून्याचं टोक
कोपऱ्याच्या ग्रॅनाइटवर अंगठ्यानं दाबून धरलं.
मी मागे सरकत गेलो,
पट्टी उलगडत, गटार ओलांडून.
"कितलं भरनं रे भो?" तो ओरडला.

भिंत अजून संपली नव्हती.