त्रेपन्न

किलोच्या भावानं आलं मशीन
उद्यमबागेतल्या माझ्या शेडपर्यंत, टेम्पोतून, उघडंच.
काट्यावर चढवताना मक्तुमसाब म्हणाला,
दात पाडायचं मशीन हाय हे,
पण ह्याचेच दात कोण काढून न्हेलं बघ की.

पितळेचं जे जे होतं ते आधीच गेलेलं.
तांब्याची तेलनळी एखाद्या हातभट्टीला लागली असेल.
राहिलं ते बीड. बीड कोण चोरणार?

रॉकेल, पत्र्याचा तुकडा, जुनी बनियन.
गंजाखाली ग्रीस, ग्रीसखाली हिरवा रंग,
हिरव्याखाली कुठल्याशा फिटरनं
पंचनं ठोकलेली कन्नड अक्षरं, वाकडी.
मी वाचलं : निधान.
म्हटलं, खजिना. बरं झालं.
मौनेश बडिगेर हातातला चहा सांडेपर्यंत हसला.
कन्नडात वाच की रे. सावकाश, म्हणतोय तो.

मौनेशनंच मोडक्या ब्रॅकेटचं पॅटर्न केलं, सागवानी.
त्याच्या पट्टीवरचा फूट आपल्या फुटाहून जरा लांब असतो.
बीड थंड होताना अंग चोरतं,
ते चोरणं तो आधीच मोजून ठेवतो.
असा एक फूट मला लग्नाच्या वेळी मिळाला असता
तर, असो.

बदलायच्या गिअरांची पेटी मात्र शाबूत होती.
खाचेखाचेवर आकडा, आकड्यावर चाक :
चोवीस, तीस, अठ्ठेचाळीस, साठ.
ही सगळी माणसात बसणारी. कुणी दोनानं भागतं, कुणी तीनानं,
एकाच्या जागी दोघं मिळून काम चालवतात.
एकच खाच रिकामी. त्रेपन्न.
त्रेपन्न कशानंच भागत नाही.
आणि त्रेपन्न दातांचं चाक पाडायचं
तर मशीनमध्ये आधी त्रेपन्नाचंच चाक लागतं.

कोल्हापुरात विचारलं, हुबळीत विचारलं.
इचलकरंजीत एकानं चौपन्नाचं हातात ठेवलं,
चालवून घे म्हणाला, एका दातानं काय होतंय.
मी रात्री बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसलो.
निपाणीला उतरून चहा प्यालो
आणि विसरल्यासारखं करून बाकावर ठेवून आलो.
कंडक्टरनं हाक मारून परत दिलं.

सापडलं ते कंग्राळीच्या तालमीत.
पुतण्याला सोडायला गेलो होतो.
लोखंडी कांबीच्या टोकाला, दोन जात्याच्या तुकड्यांमध्ये,
एक पोरगं ते खांद्यावर घेऊन बैठका मारत होतं.
दातांत लाल माती, ताक-हळदीचा वास,
मातीतलं तेल मुरून गंजाचा एक ठिपका नाही.
मी खाली बसून नखानं माती काढत मोजायला लागलो.
पोरगं वर-खाली होतंय, मी पण वर-खाली.

लुमाण्णा वस्ताद म्हणाले, न्हे की,
पण कांब एकीकडं कलंडंल, तिचं काय?
मी चौपन्नाचं दिलं.
त्यांनी दोन्ही हातांत दोन्ही चाकं तोलली, डोळे मिटून,
आणि म्हणाले, हे जड हाय.
एक दात जास्त, मी म्हणालो. चालंल, म्हणाले.

मग मशीन चाललं.
हॉब फिरतो, ब्लँक फिरतं, दोघांचं आतल्या आत ठरलेलं,
तेल पांढुरकं धुरतं, बुरादा वाकून वाकून पडतो.
मी हात लावला नाही. निधान.

पहिलं चाक त्रेपन्नाचंच पाडलं,
तालमीतल्या कांबीच्या दुसऱ्या टोकासाठी.
वस्तादांनी मोजमाप विचारलं नाही,
वजन पाहिजे होतं, दात कशाला, एवढंच म्हणाले.
तरी अंगठा कडेवर ठेवून दाताला दात सरकवत गेले,
ओठ हलत होते.
एकतिसाला आखाड्यात कुणीतरी आपटलं.
थांब, म्हणाले. कुठं होतो मी?
आणि पुन्हा एकापासून.