अर्धा स्वर

तबकडीवर वेग लिहिलेला नव्हता.
सगळ्यांनी अठ्ठ्याहत्तर धरला,
अनोळखी माणूस रस्त्यात दिसला
की त्याला घर असेलच, असं धरून चालतो तसा.

ऐंशी वर्षं ओडेल प्रुइट अठ्ठ्याहत्तरनं गायला.
काळी दोनमध्ये. भिजलेल्या लाकडासारखा जड.
इथे गेंटमध्ये, शनिवारी, दुकानाच्या मागच्या खोलीत
लोक त्या आवाजापुढे टोपी काढून बसत.
खुस्ट म्हणायचा, साठीचा असणार हा,
दोन बायका पुरल्या असणार यानं.
(खुस्टनं कालव्याचे दरवाजे उघडले, चाळीस वर्षं.
सावकाश वर येणारं पाणी त्याला कळतं.)

मग नवी आवृत्ती काढायचं ठरलं
आणि काम माझ्याकडे आलं.
कोमट पाणी, मऊ कुंचला.
चार जाडीच्या सुया लावून पाहिल्या.
तिसऱ्या दिवशी हेडफोनमध्ये,
गाण्याच्या खाली, गिटारच्याही खाली,
वीज ऐकू आली.

हेलेना, आर्कान्सा. फर्निचरच्या दुकानामागची खोली.
तारेतून येणारी ती गुणगुण
तिकडे सेकंदाला साठ असते.
कुणी गाओ, कुणी मरो, साठ.
माझ्याकडे भरली छप्पन्न आणि वर थोडी.

म्हणजे यंत्र तेव्हा जोरात फिरत होतं.
म्हणजे इतकी वर्षं आपणच त्याला
सदऱ्याला धरून मागे ओढत होतो.

मी गणित केलं, वेग वाढवला,
काळी दोनची पांढरी तीन झाली
आणि आवाजातली साठी गळून पडली.
एक पोरगा उरला.
घाईत. जरा घाबरलेला.
शेवटच्या कडव्यात श्वास न पुरलेला.

शनिवारी भांडण झालं.
योरिस पियानो जुळवतो, तो म्हणाला,
पट्टी बरोबर आहे, मोकळी तार ऐका, विषय संपला.
लिव्हेनं विचारलं,
मग मी इतकी वर्षं रडले ती कुणासाठी?
खुस्ट उठला. जुनी आवृत्ती काखेत मारली,
दारातून म्हणाला, तू एक माणूस मारलास.
मी म्हटलं, मृत्यूचा दाखला आहे माझ्याकडे,
वय चोवीस लिहिलंय.
तोच, खुस्ट म्हणाला.

एक प्रत पाइन ब्लफला गेली, त्याच्या मुलीकडे.
व्हर्नेल. ऐंशी ओलांडलेली.
बाप गेला तेव्हा आईच्या पोटात चार महिन्यांची.

तिचा फोन आला.
पाकिटात चेक नव्हता, म्हणाली, विसरलात का?
मी म्हटलं, कळवतो.

मग म्हणाली, आमच्याकडे चावीचा फोनो होता,
स्प्रिंग ढिली.
पपा त्यावर अजून खाली गायचे, तुम्हा सगळ्यांच्या खाली.
आई लोकांचे कपडे इस्त्री करायची,
चावी उतरत आली की ते शेवटचा शब्द
लांबवत लांबवत जमिनीत जायचे
आणि आई मान वर न करता म्हणायची, जा, बघ त्यांना.
मी धावायची.
मला वाटायचं, सगळ्यांचेच बाप असे असतात,
वेळेवर चावी द्यावी लागते.

तुम्ही पाठवलाय तो कोण, मला माहीत नाही.
माझा नातू याच्याहून मोठा आहे.

ती थांबली. मागे टीव्ही, कुणीतरी भांडी लावत होतं,
आणि त्या सगळ्याच्या मागे माझी आवृत्ती,
दुसरं गाणं, बरोबर वेगात.

मग ती बोलली, पण माझ्याशी नाही.
पोरा, म्हणाली, जेवलास का?

फोन तिनं ठेवला की कट झाला, कळलं नाही.
चेकचं मी सोमवारी पुन्हा लिहिलं.