सांगलीचे बूट

विडी घरकुलात मी तिसऱ्यांदा गेले.
स्कूटी गटाराच्या कडेला लावली,
आधी गुडघा उतरवला, मग मी उतरले.

लावण्या दुडम. दहावी, एकोणसाठ टक्के.
पार्क मैदान, उपांत्य सामना,
तीन मिनिटं दहा सेकंद, नाबाद.
एवढं वहीत आहे.
वहीत नाही ते असं, की
मागं लागलेलीकडं ती बघतच नव्हती.
ती बघत होती बसलेल्या आठजणींच्या टाचा:
कुठली टाच मातीतनं अर्धा इंच सुटली,
खो कुणाच्या पाठीवर पडणार,
ते देणारीच्या आधी हिला ठाऊक.
मागातनं धोटा जावा तशी जायची.
पण धोट्याला वाट ठरलेली असते,
हिला नव्हती.

मी बावीस वर्षं साखळी शिकवली.
एक डावीकडनं, एक उजवीकडनं,
मोडली की मैदानाला पाच फेऱ्या.
हिनं त्या दिवशी सात वेळा मोडली
आणि शिट्टी माझ्या तोंडातच राहिली.

"कूर्चोंडी," तिची आई म्हणाली.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
नमस्कारसुद्धा तिनं मानेनंच केला,
हाताला वेळ नव्हता.
कोपऱ्यात एक खोका. नवा.
मी विचारलं नाही, तरी बाप बोलला,
"सांगलीचे सर आलते. हॉस्टेल देतो म्हणले,
रोज दूध, अंडी. बूट तर देऊनच गेले."
रात्रपाळी करून झोपलेला, तसाच उठून बसलेला,
टॉवेलचे माग अजून कानात चालू असल्यासारखा
मोठ्यानं बोलत होता.

माझ्याकडं काय होतं?
फी माफ. सिटी बसचा पास.
सकाळी दोन केळी,
तीही प्राचार्यांची सही झाली तर.
नोकरीचं काढलं नाही.
पूर्वी काढायचे. रेल्वे, पोलीस, खेळाडूंचा कोटा,
असलं सगळं सुमन कोळेकरच्या घरी बोलून आले होते.
ती आता कारखान्यात विड्यांचे कट्टे मोजते,
दिसली की "मॅडम" म्हणत पायाला वाकते,
तेव्हापासनं अशोक चौकातनं जायचं मी टाळते.

आईनं तेवढ्यात मान वर केली.
"पाय मोडला तर?"
मी साडी वर घेऊन गुडघा दाखवला.
तिनं टाके बघितले, नीट, एकेक,
बोटं पान वळतच होती.
"म्हणजे मोडतो."
"मोडतो," मी म्हणाले.
बापानं खोका उगाच थोडा आत सरकवला.

लावण्या दारात भांडी विसळत होती,
पाठमोरी. तिथनंच विचारलं,
"साखळी मोडलेली चालंल का, मॅडम?"

बावीस वर्षं.
"बघू," म्हणाले,
आणि गाडीची किल्ली पर्समध्ये शोधत राहिले,
ती हातातच होती.
"सांगलीचे सर हो म्हणले," ती म्हणाली.
भांड्यावर भांडं ठेवलं.

सोमवारी साडेपाचला मैदानावर पाणी मारलं,
चुन्याची रेघ ओढली, खांब हलवून बघितले.
सहाला दहा मुली आल्या.
अकरावीकडं बघायचं नाही असं ठरवून
मी फाटकाकडंच बघत होते.
सव्वासहाला ती आली. अनवाणी.
मागं धाकटा भाऊ,
पायात सांगलीचे बूट, तीन नंबर मोठे,
नाड्या मातीत लोळतायत.

"ते परत द्यायला नकोत का गं?"
"बघू," ती म्हणाली
आणि आत शिरली.

भाऊ कडेकडेनं चालत होता,
रेघ पुसत, पुसत.