माग थांबले की

माग थांबले की त्याला जाग येते.
आमच्या गल्लीत सगळं उलटंच,
खटखटीत पोरं झोपतात, खटखटीत त्यांना दात येतात.
पाहुणे म्हणतात, कसे राहता बाई इथं?
आम्हाला मात्र शांतता ऐकू आली की छातीत धस्स होतं.

त्या रात्री आधी आवाज थांबला.
धूर नंतर.
टाकी भरली का बघायला तिरुपती गच्चीवर गेला होता,
आठ वर्षांचा, हातात टाकीचं झाकण,
समोरच्या कारखान्याची जाळीची खिडकी
अगदी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.
आम्ही खाली बादल्या घेऊन पळत होतो.
वर कुणी बघितलंच नाही.
तो किती वेळ उभा होता, आजही कुणाला माहीत नाही.

कनकय्या त्याला उरल्यासुरल्या सुताच्या कांड्या द्यायचा.
हिरवी दिली की म्हणायचा, आता जांभळीसाठी टॉवेल संपायची वाट बघ.
सात कांड्या आहेत उशीखाली.
जांभळी नाही.

"कनकय्या सिरसिल्ल्याला गेला, बहिणीकडं,"
असं त्याच्या आज्जीनं सांगून टाकलं.
तो मान हलवायचा.
सकाळी अंथरूण ओलं.
कुणी म्हणालं, दृष्ट काढा.
काढली. मीठ-मिरच्या निखाऱ्यावर पडल्या, धूर झाला,
आणि पोरगं मोरीत जाऊन बसलं.
दार लोटायला गेले तर बोटं मध्ये घातली त्यानं:
"पिन्नी, कडी नको."
दहा दिवसांत बोललेले ते पहिले शब्द.

सिव्हिलमधली बाई वयानं माझ्या पोरीएवढी.
कागद दिला, खडू दिले, त्यानं काहीच काढलं नाही.
मला म्हणाली, विचारेल तेवढ्या वेळा सांगा.
खरं सांगा. थोडक्यात सांगा.
मनात म्हटलं, एवढंच?
एवढ्यासाठी दोन रिक्षा बदलल्या, अर्धा दिवस विड्या बुडवल्या?

मग एका दुपारी, मी पानं कापत होते,
तो सुपाजवळ येऊन बसला.
"कडी बाहेरून होती?"
होती.
"तू बघितलीस?"
सकाळी बघितली. कुलूप पण.
"कनकय्यामामा मेला."
हो रे. मेला.
बराच वेळ तो कापलेल्या पानाची शीर सोलत राहिला.
"मी ओरडलो नाही."

याचं उत्तर त्या बाईनं सांगितलं नव्हतं.
मी कात्री खाली ठेवली.
म्हटलं, माझा पण आवाज फुटला नाही,
आणि मी तर केवढी बाई.
तू ओरडला असतास तरी कुलूप उघडलं नसतं, राजा.
किल्ली मालकाच्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "कडी बाहेरून होती?"
तिसऱ्या दिवशी. आठव्या दिवशी, भाकरी मोडता मोडता.
मी शब्द बदलत नाही.
तेच पान, तेवढाच जर्दा, तोच दोरा,
वळून ठेवते त्याच्यापुढं.

पण रात्रीचं काय करायचं?
लाईट जाते. अख्खी गल्ली एकदम मुकी होते
आणि चादरीखाली त्याचा श्वास अडकतो.
पहिल्यांदा मी "भयम लेदु, भयम लेदु" म्हणत बसले.
त्यानं कानांवर हात ठेवले.
मग अंधारात हाताला पत्र्याचा फर्मा लागला,
तोच सुपाच्या काठावर वाजवला.
खट खट. खट खट.
मागाची सर नाही त्याला, कुणीही हसेल.
तरी वाजवत राहिले, लाईट येईपर्यंत,
मनगट भरून आलं तरी.

काल दोनदा गेली.
दुसऱ्या वेळेला माझाच डोळा लागला असावा.
जागी झाले ती खटखटीनं,
घाईघाईची, ठेका चुकलेली.
समोरचे माग बंदच होते.
अंधारात सूप माझ्या मांडीवर नव्हतं.
"काय करूलालास रे?"
"झोप तू," तो म्हणाला.

सकाळी कारखान्यात मुनिमानं विड्या मोजल्या.
दोनशे कमी, आणि छाट पण जास्त.
लक्ष कुठं आहे तुमचं, म्हणाला.
मी पिशवीची घडी घातली.
अंथरूण आज पण ओलं होतं,
गच्चीत वाळत घालायचं होतं.